इंजनघराच्या सात बाया

नागपूर, ११ फेब्रुवारी २०२५

रितिका,

आशीर्वाद पहिलेच घेऊन ठेव. पत्र पुढं पुढं वाचशील तसा तुले राग येईल, मग ते राहून जातील.

अक्षर प्रेमिलाचं आहे. आपल्या शेजारची, अंगणवाडीवाली. आजी एका रात्रीतून लिहायले शिकली म्हणून घाबरू नको. मी बोलते, ती लिहिते. पहिल्या पानावर तिनं माझ्या सगळ्या 'मले'चं 'मला' करून टाकलं होतं. वाचून दाखवायले लावलं तेव्हा समजलं. म्हटलं, "फाड वं हे. पोट्टीले वाटेल दुसऱ्याच कोणाच्या आजीचं पत्र आलं." तर हे दुसरं पान आहे.

फोन तू उचलत नाही. बापाचा उचलते, अन् मागून माझा आवाज आला की "नेटवर्क नाही" म्हणते. पुण्यात नेटवर्क नाही अन् तिकडे नरखेडच्या संत्र्याच्या मळ्यात पण आहे, हे ऐकून मले मोठी गंमत वाटली. म्हणून पत्र. ते मधातच कापता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाही. तू लहानपणी चॉकलेटचा कागद पण फाडत नव्हती, चापून चोपून वहीत ठेवायची.

घरचं बरं आहे. वसंत, म्हणजे तुझा बाप, माझ्यासमोर जेवायले बसतो अन् ताटाशी बोलतो. "वरण आळणी आहे," हे पण ताटालेच सांगतो. तू गेल्यापासून असंच आहे.

तुझ्या इंजनघराची इकडे लय चर्चा आहे. तुझ्या म्हणते, कारण ते तूच आम्हाले दाखवलं. तलावाच्या पाळीवरून इतकी वर्षं ये-जा केली, आम्हाले ते वटवाघळांचं घर वाटायचं. इंग्रजाच्या वेळी तिथं वाफेचं इंजन होतं, रंगीत काचांच्या कमानी होत्या, लोखंडाची वेलबुट्टी होती, अन् शहराले जाणारं पाणी आधी बाहेरच्या भिंतीतल्या सात दगडी बायांच्या तोंडातून हौदात पडायचं, हे मले तुझ्याच तोंडून समजलं. पाणी उपसायच्या घराले कोणी इतकं नटवते काय, असं मी विचारलं होतं. तू म्हटलं होतं, "आजी, तेव्हा पाणी आलं हीच मोठी गोष्ट होती, म्हणून."

त्या बायांच्या तोंडाले शेंदूर लागला, तेव्हापासून लोक त्यांले साती आसरा म्हणून राहिले. प्रेमिला म्हणते, पुण्याच्या पोरीले आसरा काय ते लिहायले पाहिजे. तुले माहीत आहे. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी, विहिरीपाशी त्यांचे सात दगड असतात. इथं पाणी आहे, बाया सात आहेत, शेंदूर आहे. लोकांले अजून काय पाहिजे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले फिरणाऱ्या बायांनी अख्ख्या वस्तीत पसरवलं. कुंपणाच्या गजातून हात घालून ओट्या ठेवतात. आपल्या गल्लीतल्या गोपाळरावानं समिती काढली आहे. त्याचं किराणा दुकान चालत नाही, समिती चालून राहिली.

लोक म्हणतात, दिवेलागणीले एका म्हातारीले आसरा दिसल्या. ती म्हातारी मी. तुझ्यासोबत मले तिथं कोणीतरी पाहिलं होतं. गोपाळराव घरी आला, "तुळसाबाई, तुम्हाले दर्शन झालं म्हणे." मी हाव म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. डोळे मिटून घेतले. चष्मा घरात राहिला होता, उन्हाचा त्रास होत होता. त्यानं त्याचा वेगळाच अर्थ घेतला.

तुझ्या नावाची पाणी खात्याची नोटीस वसंतानं वाचून दाखवली. फोटोत रंग यावा म्हणून फोटो काढणारीनंच जुन्या दगडाले शेंदूर फासला, असं ते म्हणतात. आत जायची परवानगी रद्द, अन् ज्या पुस्तकासाठी तू फोटो काढत होती त्यांनी पण काम काढून घेतलं. मले वाईट वाटलं. लिही प्रेमिला, आजीले वाईट वाटलं.

पण शेंदूर कोणी लावला, हे आता कशाले उकरायचं? तू तिथल्या साहेबाले कळव की कोण्या भाविकानं लावला असेल. भाविक काय कमी आहेत.

जायच्या दिवशी तू मले कॉम्प्युटरवर जे दाखवलं, ते मी कोणाजवळ काढलं नाही. तू पण काढलं नाही, हे समजलं.

होळीले ये.

तुझी आजी


१७ फेब्रुवारी

रितिका,

ह्या पत्राले दोन तारखा आहेत. का, ते पुढं येईल.

तुझं उत्तर आलं नाही. मी रोज पोस्टमनले विचारते, तो म्हणतो, "आजी, आता पत्र फक्त बँक लिहिते."

शुक्रवारी समितीच्या ओट्याचा मुहूर्त आहे. गोपाळरावानं कुंपणाचे दोन गज वाकवून वाट केली. भिंतीले लागून सिमेंटचा ओटा, वर पांढऱ्या टाइल्स, त्याच्या साळ्याच्या मोरीतून उरलेल्या. बाया हनुवटीपर्यंत सिमेंटात जातील अन् वरून त्यांले चांदीचे डोळे चिकटवतील. पहिली पूजा माझ्या हातून. त्यासाठी हिरवी साडी आणून दिली आहे, काठाची.

साडी मी नेसून पाहिली. चांगली दिसली. रस्त्यानं निघाली की बाया बाजूले होतात. भाजीवाली मेथीची जुडी वरून टाकते. ज्या सुना "सरका आजी, गाडी काढू द्या" म्हणायच्या, त्या वाकून पाया पडतात. मले ते बरं वाटून राहिलं होतं, रितिका. तू तिकडे काम गमावून बसली अन् मी इकडे फुकटच्या मेथीची भाजी खाऊन राहिली. हे पहिले सांगते, कारण पुढचं सांगण्यापेक्षा हे जड आहे.

आता पुढचं. मी प्रेमिलाले म्हटलं, "लिही, शेंदूर मी लावला."

पेन थांबला.

"काय लिहू?"

"बोलली ते."

"मावशी, गंमत करता काय?"

"गंमत करायची असती तर गोपाळरावावर केली असती."

तिनं कागद बाजूले ठेवला. तिच्या सुनेले दिवस राहावे म्हणून ती दर शुक्रवारी तिथं ओटी ठेवून येते. मले माहीत होतं. मी पाहत होती, अन् तिले काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "मग माझ्या चार शुक्रवारच्या ओट्या कोणाले गेल्या?"

मी म्हटलं, "दगडाले. खण मात्र चांगले होते."

हे मी बोलायले नको होतं. माझ्या जिभेले वेळ समजत नाही. प्रेमिला उठली अन् घरी गेली. चहा तसाच राहिला. ज्याले लिहिता येते त्याले बरं आहे, तो दार लावून कागदाले सांगू शकतो. मले तुले काही सांगायचं तर आधी शेजारणीले सांगा लागते.


१८ फेब्रुवारी

ती परत आली. मले वाटलं भांडायले आली. तिनं पेन काढला अन् म्हणाली, "लिहिते. पण माझ्याशी बोलू नका, नुसतं सांगा." म्हणून ह्या खालचं सगळं तिच्याकडे पाठ करून सांगून राहिली.

तुझ्या पोटातली गाठ काढली, तेव्हा मी धंतोलीच्या त्या दवाखान्याच्या जिन्यात बसली होती. आत फक्त एकाले सोडत होते, वसंत आत होता. डॉक्टर येताजाता काही सांगेना. मी तिथं बसून आसराले बोलली, पोट्टी धड बाहेर येऊ दे, तुम्हा सातही जणींले शेंदूर लावीन. तू धड बाहेर आली. मग मी माहेरच्या गावी गेली, तर आसरांची विहीरच नव्हती. रस्ता रुंद केला, विहीर बुजवली, दगड कुठं गेले ते भावाच्या पोरांले पण माहीत नाही. नवस तसाच राहिला. तुले सांगितलं नाही, कारण तू म्हटलं असतं, डॉक्टरनं वाचवलं अन् श्रेय आसराले काहून? ते पण खरं आहे. पण डॉक्टरले मी नवस बोलली नव्हती.

मग तू मले संक्रांतीच्या आधी इंजनघर दाखवायले घेऊन गेली. मी त्या बाया मोजल्या. सात निघाल्या.

तिथंच लावला असता तर म्हणता आलं असतं, म्हातारीच्या मनात आलं अन् करून बसली. तसं नाही. त्या दिवशी माझ्याजवळ शेंदूर नव्हता. मी घरी आली, तुले म्हटलं, "मले पुन्हा ने वं, लय बरं वाटलं." अन् दुसऱ्या वेळी तेलात कालवलेला शेंदूर डबीत घालून बटव्यात नेला.

तू किती खूश झाली होती. म्हणाली, "आजी, घरातलं कोणीतरी पहिल्यांदा माझं काम बघायला आलं." रिक्षात पूर्ण रस्ता सांगत होती. दिवस बुडल्यावर अन् अंधार पडायच्या आधी मधात एक निळा उजेड येतो, तो थोडाच वेळ राहतो, त्यात दगड आतून उजळल्यासारखा दिसतो, म्हणून तू रोज तेवढ्यासाठी जाते. मी मान हलवत होती. अन् मनात हिशोब करत होती की सातव्या बाईपर्यंत माझा हात पोचेल की नाही.

तू गेटावरच सांगितलं होतं, "आजी, कशाला हात नको लावू. जुना दगड तेल पितो, मग डाग निघत नाही. मी सही करून दिली आहे." हे पण मी ऐकलं होतं. बहिरी मी माझ्या सोयीनं असते, त्या वेळी नव्हती.

कॅमेरा तू तीन पायांवर उभा केला अन् म्हणाली, हा आपला आपण फोटो काढत राहील, मी मागची बाजू दुसऱ्या कॅमेऱ्यानं काढून येते. अन् हे पण तूच सांगितलं की ह्याचा डोळा अर्धा अर्धा मिनिट उघडा राहतो. जो चालत राहतो तो फोटोत येतच नाही, त्याचा धूर होऊन जातो. जो थांबतो तोच येतो.

मी म्हटलं, चला, आपण चालतच राहू.

चालता चालता लावत गेली. सहा झाल्या. सातवीले लावल्यावर हात जोडले गेले. नवस फेडून हात न जोडता कसं निघायचं? मी तिथं उभी राहिली. तुझ्या त्या पोटातल्या गाठीपासूनचं सगळं मनात आलं अन् मी चांगली उभी राहिली.

अंधारात तुले काही दिसलं नाही. सकाळी गेटावरच्या माणसानं पाहिलं अन् ऑफिसातून तुले फोन आला. तू माझ्या खाटेपाशी आली. "आजी, तू हात लावला होता का?"

मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "तुझी शपथ, नाही."

प्रेमिला, हे तसंच लिही. ज्या पोट्टीच्या जिवासाठी नवस बोलली, त्याच पोट्टीच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली. तेव्हापासून मले झोप नाही. तू हसशील, पण एकदा डॉक्टरले दाखवून घे. माझ्यासाठी घे. शपथेचं तू मानत नाही, मी मानते, अन् तरी घेतली. तू न मानता कधी घेतली नाही.

तू त्या साहेबाले सांगून आली, "माझी आजी माझी खोटी शपथ घेणार नाही." संध्याकाळी तू फोटो कॉम्प्युटरवर टाकले. मले बोलावलं. त्यात मी होती. तू कॉम्प्युटर मिटवला अन् बॅग भरली. मी दारात उभी होती, तू मले वळसा घालून गेली, जशी पाटावर बसलेल्या माणसाले वळसा घालतात.

तो फोटो साहेबाले दिला असता तर तू सुटली असती. तू दिला नाही.

शुक्रवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.

आजी


२५ फेब्रुवारी

रितिका,

सांगितलं. काही उपयोग झाला नाही. कसा ते ऐक.

शुक्रवारी मंडप होता, लाउडस्पीकर होता, बुंदी होती. हिरवी साडी मी नेसली नाही, घडी करून गोपाळरावाच्या हातात दिली. तो म्हणाला, "हे काय जी?" मी म्हटलं, "माइक दे गा."

माइकवर मी कधी बोलली नव्हती. माझाच आवाज तलावावरून मले परत येत होता. मी म्हटलं, "बायांनो, मले कोणी दिसलं नाही. शेंदूर मी लावला. घरून डबीत नेला होता. माझा नवस होता. नात माझी फोटो काढत होती, तिले माहीत पण नव्हतं. तिच्यावर आळ आला तो खोटा आहे."

 मले वाटलं, आता जोडा येईल. मी तयार होती, नवा चष्मा काढून प्रेमिलाजवळ दिला होता.

गोपाळरावानं माइक घेतला. त्यानं आधी मले वाकून नमस्कार केला, मनापासून केला, नाटक नव्हतं. "पाहा, माय किती भोळी आहे. आसरानं हिच्या हातून करवून घेतलं, अन् हिले वाटते आपण केलं."

टाळ्या पडल्या. एका बाईनं तिचं लेकरू माझ्या पायावर घातलं. खोटं बोलली तेव्हा मले फक्त मेथी भेटत होती, खरं बोलली तर लेकरं पायावर येऊन राहिली. मले इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. शिव्या खाताना माणूस निदान उभा तरी राहू शकतो.

मिस्त्री सिमेंट कालवायले निघाला. मले दुसरं काही सुचलं नाही, मी जाऊन सिमेंटच्या पोत्यांवर बसली. गोपाळराव म्हणाला, "तुळसाबाई, उठा, मुहूर्त चालला." मी म्हटलं, "मले आदेश आहे."

"कोणाचा?"

"ज्यांनी माझ्या हातून शेंदूर लावून घेतला, त्यांचा. बसून राहा म्हणतात."

आता तसं त्यानंच लोकांले सांगितलं होतं. मले हात धरून उठवायची कोणाची हिंमत होईना. प्रेमिला आली अन् शेजारच्या पोत्यावर बसली. माझ्याशी बोलत नव्हतीच, पण बसली. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिथं होतो. मिस्त्रीनं बुंदी खाल्ली अन् घरी गेला. असं खोट्याच्या जोरावर खोटं थांबवलं, त्याचा मान मले नको.

सोमवारी वसंताले सगळं सांगितलं. तो पहिल्यांदा ताटाऐवजी माझ्याकडे पाहून बोलला. म्हणाला, "आई, तू मला पण खोटं बोलली." मी म्हटलं, "हाव." मग तो मले पाणी खात्याच्या त्या ऑफिसात घेऊन गेला.

साहेब तरुण आहे, तुझ्याएवढाच. मले खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. पूर्ण ऐकून घेतलं. मी म्हटलं, "लिहून घ्या, मी अंगठा देते." तो हसला. वाईट नाही, गोड हसला. "आजी, माझी आजी असती ना, तिनंही माझ्यासाठी हेच केलं असतं."

"मी नातीसाठी खोटं बोलून नाही राहिली, साहेब. नातीशी खोटं बोलून झालं, आता खरं बोलून राहिली."

"तुमचा जीव तुटतो, मला समजतं. पण सही तुमच्या नातीची आहे. तिला कोणी बघितलं नाही, तुम्हाला शेंदूर लावताना कोणी बघितलं नाही. पुरावा लागतो. चहा घ्या."

मी चहा घेतला. रागावला असता, ओरडला असता तर सोसलं असतं. त्यानं मले प्रेमळ म्हातारी समजून बिस्किट देऊन परत पाठवलं. ओटा मात्र चौकशी होईपर्यंत थांबवतो म्हणाला, अन् कुंपणाचे गज सरळ करायले माणूस पाठवला.

म्हणजे आता माझं खरं कोणाच्याच कामाचं नाही. भक्तांले ते देवीचं वाटते, साहेबाले मायेचं. ते फक्त तुझ्या त्या एका फोटोत आहे.

तू तो काहून दाबून ठेवला, ते मले माहीत आहे. आजीले लोक काय म्हणतील, म्हणून. तुझं काम गेलं, नाव गेलं, फोटो काढणारे लोक तुले लबाड म्हणत असतील, तरी तू मले झाकून बसली. अन् मी इथं मान घेत बसली होती. रितिका, मले झाकू नको. मागणं मागायचं तोंड मले नाही, तरी हे मागते. फोटो साहेबाले पाठव. मोठा करून पाठव. माझं तोंड नीट दिसत नसेल तर खाली नाव लिही, तुळसाबाई, वसंताची आई, अन् आपली गल्ली.

ह्याचं उत्तर मले नको. फोटो पोचला तरी मी समजीन.

आजी


२० मार्च

रितिका,

पोचला.

साहेबानं सगळ्यांले बोलावलं. मले, वसंताले, समितीतर्फे गोपाळरावाले. प्रेमिलाले कोणी बोलावलं नव्हतं, ती माझा हात धरून आली अन् आत बसली. भिंतीवर मोठा टीव्ही होता, त्यावर लावला.

तुझ्या खोलीत पाहिला तेव्हा मले त्यात फक्त चोर दिसला होता. ह्या वेळी नीट पाहिला. सहा बायांची तोंडं लाल, सातवी पण लाल, अन् तिच्यासमोर पाठमोरी मी. हात जोडलेले. चपला काढून बाजूले जोडीनं ठेवलेल्या. डबी हौदाच्या काठावर. पदर खोचलेला, जसा मी भांडी घासताना खोचते. तोंड दिसत नाही, पण तो खोचलेला पदर पाहून गल्लीतलं कोणी पण सांगेल. नाव लिहायची गरज पडली नाही.

अन् भोवती ते सगळं. ती रंगीत काचांची कमान, लोखंडाची वेल, हौदातलं पाणी आरशासारखं, वर आभाळ, अन् दगडाच्या आतून येतो तो तुझा उजेड. ऑफिसातले लोक खुर्च्या सोडून टीव्हीजवळ आले. शिपाई चहा घेऊन आला तो पण तसाच उभा राहिला. तू मले जे दाखवायले रिक्षानं घेऊन गेली होती, जे रस्ताभर समजावून सांगत होती, ते मी तिथं उभी असून पाहिलंच नव्हतं. ऑफिसच्या खुर्चीवर बसून पाहिलं. शेंदराची लाज होतीच. ही लाज त्याहून मोठी निघाली.

गोपाळराव म्हणाला, "तुळसाबाई, तुम्ही आम्हाले तोंड दाखवायले जागा ठेवली नाही."

"तोंड मी दाखवून राहिली गा. तुझं कोणी विचारलं?"

वसंत हसला. मग डोळे पुसले. साहेबानं माझं बोलणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी अंगठा दिला. ह्या वेळी तो गोड हसला नाही, मले बरं वाटलं. तुझी नोटीस मागे घेतली, परवानगी परत दिली, अन् पुस्तकवाल्यांले त्यानंच कळवलं. ते काय करतात ते तुले समजेल.

दगड साफ करायले जाणते लोक येणार आहेत. पाच बाया बऱ्यापैकी साफ निघतील म्हणतात. दोघींनी तेल आत ओढलं आहे, त्यांच्या गालावर डाग राहील. तू सांगितलं होतं तसंच. ते मी परत करू शकत नाही, म्हणून त्याची माफी पण मागत नाही. मागून काय होते?

मेथी बंद झाली. सुना पुन्हा "सरका आजी" म्हणतात. काही जणी तोंड फिरवतात, त्यांच्या ओट्या मी खाल्ल्यासारखं. ते बरोबर आहे. प्रेमिला बोलायले लागली आहे. परवा म्हणाली, "मावशी, नवस फिटला काय मग तुमचा?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. वसंतानं सांगितलं तू डॉक्टरले दाखवलं अन् सगळं चांगलं निघालं. त्या रात्री मी झोपली.

(मावशी हे लिहू नको म्हणाल्या, पण लिहिते. त्या रोज संध्याकाळी गेटापर्यंत जातात. आत जात नाहीत. कोणी ओटी घेऊन आलं की सांगतात, "बाई, इथं मीच आहे, आसरा नाहीत." काही बाया परत जातात. काही त्यांनाच शिव्या देतात. मावशी ऐकून घेतात. — प्रेमिला)

ती काय लिहून राहिली ते वाचून दाखवत नाही. असू दे.

वसंत म्हणतो, तू पुढच्या महिन्यात उरलेले फोटो काढायले येणार. तू मले सांगितलं नाही, म्हणजे मी विचारलं नाही. घरी उतर किंवा नको उतरू, दोन्ही बरोबर आहे. आली तर मले आत नेऊ नको. मले काही समजावून पण सांगू नको. मी गेटाबाहेर बसीन, रस्त्याच्या बाजूले, हात पदराखाली घेऊन. तुझा तो उजेड गेला, तुझं सामान आवरून झालं, की फक्त हाक मार. अंधारात मले घरी न्यायले कोणीतरी लागेलच.

आजी